पायलट स्टडी म्हणजे काय? सही करण्याआधी रुग्णांनी आणि नातेवाइकांनी समजून घ्यायच्या गोष्टी

ओपीडीत कधी कधी एखादी मुलगी वडिलांना घेऊन येते आणि पिशवीतून चार-पाच पानांचे कागद काढून टेबलावर ठेवते. "डॉक्टर, मोठ्या हॉस्पिटलमध्ये बाबांना एका अभ्यासात घ्यायचं म्हणतात. कागदावर पायलट स्टडी असं लिहिलंय. म्हणजे बाबांवर प्रयोग करणार का?" बाबा शेजारी शांत बसलेले असतात. ते म्हणतात, "अगं, मोठे डॉक्टर सांगतायत तर करू या सही. ते काय वाईट सांगणार आहेत?"

मुलीची शंका रास्त आहे आणि बाबांचा विश्वासही चुकीचा नाही. पण कागदावरचा 'पायलट' हा शब्द नेमका काय सांगतो, हे दोघांनाही कुणी समजावलेले नसते. हा लेख त्यासाठी आहे.

पायलट स्टडी कशासाठी करतात?

नवे औषध, नवे उपकरण, उपचाराची नवी पद्धत किंवा एखादी आरोग्य योजना हजारो लोकांपर्यंत नेण्याआधी ती थोड्या लोकांवर, थोड्या काळासाठी राबवून पाहतात. याला पायलट स्टडी म्हणतात. मराठीत पथदर्शी अभ्यास असाही शब्द आहे, पण रुग्णालयाच्या कागदांवर तुम्हाला बहुधा 'पायलट' हाच शब्द दिसेल. यात साधारण काही डझन रुग्ण असतात, क्वचित शंभर-दोनशे.

बहुतेकांचा समज असा असतो, की पायलटमध्ये उपचार लागू पडतो की नाही ते कळते. खरे तर पायलटचे मुख्य काम वेगळे असते. पुढचा मोठा अभ्यास किंवा मोठी योजना जशी कागदावर आखली आहे तशी प्रत्यक्षात चालेल का, हे त्यात पाहतात. रुग्ण यायला तयार होतात का? आलेले मध्येच सोडून जातात का, आणि का जातात? गोळ्या सांगितल्या तशा घेतल्या जातात का? नर्सला एका रुग्णामागे किती वेळ लागतो? संमतीपत्राची भाषा रुग्णाला कळते का? आणि आपण विचारच केला नव्हता असा काही धोका समोर येतो का? चांगल्या पायलटमध्ये एक गोष्ट सुरुवातीलाच लिहून ठेवलेली असते: काय दिसले तर पुढे जायचे, काय दिसले तर बदल करायचे आणि काय दिसले तर थांबायचे.

चाळीस रुग्ण आणि एक साधा मेसेज

काही वर्षांपूर्वी मी ज्या रुग्णालयात काम करत होतो, तिथे आम्ही बीपी आणि मधुमेहाच्या रुग्णांना मोबाइलवर आठवणीचे मेसेज पाठवायचे ठरवले. रोज सकाळी 'औषध घ्या' आणि फॉलोअपच्या आधी तारखेची आठवण. सॉफ्टवेअर तयार होते, यादी तयार होती. मेसेजने कुणाला काय इजा होणार, म्हणून सगळ्यांनाच सुरू करून टाकावे असे मला वाटत होते. आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी हट्ट धरला, की आधी चाळीस रुग्ण घ्या, दोन महिने बघा. मला ते वेळ घालवणे वाटले होते.

दोन महिन्यांत कळले ते असे. बऱ्याच रुग्णांच्या केसपेपरवर जो नंबर होता तो मुलाचा होता, आणि मुलगा पुण्यात नोकरीला. आईला गावात गोळी घ्यायची आठवण, आणि मेसेज वाजतोय हिंजवडीत. काहींच्या जुन्या बटणांच्या फोनवर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत होते. शेतावर जाणाऱ्या बायका फोन घरीच ठेवून जात.

हे सगळे गैरसोयीचे होते, धोक्याचे नव्हते. पण दोन आज्जींनी सकाळी गोळी घेतली होती, आणि नंतर नातवाने 'औषध घ्या' असा मेसेज वाचून दाखवल्यावर त्यांनी ती पुन्हा घेतली. दवाखान्यातून निरोप आला म्हणजे घ्यायलाच हवी, असे त्यांना वाटले. एकीला चक्कर येऊन ती न्हाणीघरात पडता पडता वाचली. दुसरीने हे आम्हाला सहज बोलता बोलता सांगितले. अशी गोष्ट नोंदवायला आमच्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा दोनदा घेतल्या गेल्या तर साखर जीवघेणी खाली जाऊ शकते. चाळिसांत दोघी, तर हजारोंत किती, याचा हिशेब करायची आमची हिंमत झाली नाही. रोजचा मेसेज आम्ही बंद केला. फक्त फॉलोअपच्या तारखेचा ठेवला, आणि फोन कोणाकडे असतो हे नोंदणीच्या वेळीच विचारायला लागलो.

गडचिरोलीची ३९ गावे

महाराष्ट्रात याचे मोठे आणि सगळ्यांनी वाचावे असे उदाहरण गडचिरोलीचे आहे. १९९० च्या दशकात तिथल्या खेड्यांत बहुतेक बाळंतपणे घरीच होत आणि जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी साधारण ६० बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळाची घरी काळजी घेण्याची पद्धत आखली. तुलनेसाठी ४७ गावे ठेवली, जिथे नेहमीच्या सरकारी सेवा सुरू होत्या. काटेकोर भाषेत हा पायलटपेक्षा मोठा अभ्यास होता, त्याला फील्ड ट्रायल म्हणतात. पण आधी थोड्या ठिकाणी नीट पाहायचे आणि मग पसरायचे, हे तत्त्व त्यात जसे दिसते तसे क्वचितच दिसते.

पहिल्या वर्षी, म्हणजे १९९५-९६ मध्ये, भर होता तो बाळांना पाहण्यावर, वजने घेण्यावर आणि नोंदी ठेवण्यावर. ७६३ बाळांच्या नोंदींतून समजले, की सुमारे ५४ टक्के बाळांना पहिल्या महिन्यात वैद्यकीय मदतीची गरज होती आणि ती मिळाली जेमतेम २.६ टक्के बाळांना. कोणत्या आजाराने बाळे जातात, तो आजार गावातल्या स्त्रीला कोणत्या खुणांवरून ओळखता येईल, हे या नोंदींशिवाय ठरवता आले नसते. दुसऱ्या वर्षी जंतुसंसर्गावरचे उपचार जोडले: जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने द्यायचे प्रतिजैविक. डॉक्टर किंवा नर्स नसलेल्या बाईने झोपडीत नवजात बाळाला इंजेक्शन द्यायचे, ही कल्पना तेव्हा अनेक डॉक्टरांना धोक्याची वाटत होती. ती भीती वादविवादाने दूर झाली नसती, त्यासाठी आकडेच लागणार होते. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत असत, उपचार सुरू झाल्यावर ते प्रमाण २.८ टक्क्यांवर आले. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष १९९९ च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

एवढे झाल्यावरही लगेच देशभर सुरुवात झाली नाही. गडचिरोलीत जमले ते तिथल्या कार्यकर्त्यांमुळे आणि डॉक्टरांच्या बारीक देखरेखीमुळे, इतरत्र जमेल का, हा प्रश्न उरलाच होता. म्हणून 'अंकुर' प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी, ग्रामीण, आदिवासी आणि शहरी झोपडपट्टी अशा वेगवेगळ्या वस्त्यांत, दुसऱ्या संस्थांनी ती पद्धत राबवली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, पाच राज्यांत ती तपासली. २०११ मध्ये ही राष्ट्रीय योजना झाली. आज तुमच्या घरी बाळ जन्मल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येऊन बाळाचे वजन घेतात, ताप पाहतात, ते या कामातून आलेले आहे.

पण एक फरक लक्षात ठेवा. राष्ट्रीय योजनेत आशाताईंच्या हाती इंजेक्शन दिलेले नाही. म्हणजे ३९ गावांत जे घडले ते जसेच्या तसे आज प्रत्येक घरी घडत नाही. पायलटमध्ये यश मिळाले या बातमीचा अर्थ आपल्या तालुक्यातही तेवढाच फायदा होईल असा होत नाही, हे मोठमोठे अधिकारीही विसरतात. त्यामुळे बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेले असेल, श्वास जोरात चालत असेल तर आशाताईंच्या पुढच्या भेटीची वाट न पाहता दवाखाना गाठा.

मग इतकी वर्षे का घालवायची?

हा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक चिडून विचारतात आणि त्यांचा राग समजण्यासारखा असतो. क्षयरोगाचेच पाहा. आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली गोळ्या देण्याची 'डॉट्स' पद्धत भारतात १९९३ मध्ये मुंबईसह काही निवडक ठिकाणी पायलट म्हणून सुरू झाली. १९९७ पासून ती टप्प्याटप्प्याने वाढवली आणि संपूर्ण देशात पोहोचायला २००६ उजाडले. या तेरा वर्षांत ज्यांच्या जिल्ह्यात ती आली नव्हती, अशा रुग्णांनी उशिराची किंमत मोजली. मात्र पायलट करणे आणि त्यानंतर रेंगाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधली बरीच वर्षे माणसे नेमणे, सूक्ष्मदर्शक तपासणीची केंद्रे उभी करणे आणि औषधांचा पुरवठा अखंड ठेवणे यात जातात. क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच संपल्या तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो, म्हणून पुरवठ्याची खात्री नसताना घाई करणे तिथे खरोखरच घातक ठरले असते. पायलट यशस्वी झाल्यावर योजना फायलीत पडून राहते तेव्हा मात्र त्याला सावधगिरी म्हणू नये.

छोटा अभ्यास काय सांगू शकत नाही

आता घरी सही करायला बसलेल्यांसाठी महत्त्वाचा भाग. डॉक्टर तुम्हाला सांगतील, "आतापर्यंत ३० जणांना दिलं, कुणालाच काही त्रास नाही." ते खरे बोलत असतात. पण ३० पैकी शून्य याचा अर्थ धोका शून्य असा होत नाही. संख्याशास्त्रात याचा एक सोपा हिशेब आहे. एकालाही त्रास झाला नसेल तर ३ ला रुग्णसंख्येने भागा. खरा धोका त्या आकड्याइतका असू शकतो. ३० रुग्णांत शून्य असेल, तर खरा धोका १० टक्क्यांपर्यंत असण्याची शक्यता उरते. ३०० रुग्णांत शून्य असेल, तर १ टक्क्यापर्यंत. हजारात एखाद्याला होणारा दुष्परिणाम पायलटमध्ये बहुतेक वेळा दिसणारच नाही.

फायद्याच्या बाबतीतही तेच. '२० पैकी १८ रुग्णांना आराम' अशी बातमी वाचली की आधी पाहा, तुलनेचा गट होता का. पाठदुखी, सर्दी, ॲलर्जी यांसारखे त्रास आपोआपही कमी-जास्त होतात, आणि माणूस बहुधा त्रास सर्वांत जास्त असतानाच अभ्यासात दाखल होतो. त्यानंतर काहीही दिले तरी काहींना बरे वाटणारच. शिवाय पायलटला तयार होणारे रुग्ण उत्साही, वेळेवर येणारे असतात.

किती फसगत होऊ शकते, याचे एक उदाहरण माझ्या पिढीच्या डॉक्टरांना चांगले आठवते. डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णांना स्टिरॉइडची इंजेक्शने अनेक वर्षे जगभर दिली जात. मेंदूची सूज उतरेल हा तर्क पटणारा होता आणि आधीच्या छोट्या अभ्यासांवरून थोडा फायदा असावा असे वाटत होते. मग 'क्रॅश' नावाच्या चाचणीत अनेक देशांतले १०,००८ रुग्ण घेतले. २००४ मध्ये निष्कर्ष आला: स्टिरॉइड मिळालेल्या गटात दोन आठवड्यांत २१.१ टक्के रुग्ण दगावले, न मिळालेल्या गटात १७.९ टक्के. म्हणजे दर शंभर रुग्णांमागे तीन जीव जास्त गेले. चाळीस रुग्णांच्या अभ्यासात हा फरक कुणाच्या नजरेस आला नसता. पायलटवरून उपचार लागू असल्याचा निष्कर्ष काढणारा डॉक्टर असो किंवा व्हॉट्सॲपवरचा मेसेज, दोघांवरही सावकाश विश्वास ठेवा.

'फक्त पायलट आहे' म्हणून संमती सुटत नाही

२००९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात सुमारे २४ हजार मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्ही लस देण्यात आली. ही लस शासकीय लसीकरणात कशी देता येईल हे पाहण्यासाठीचा तो 'प्रात्यक्षिक प्रकल्प' होता. सहभागी मुलींपैकी काहींच्या मृत्यूच्या बातम्या आल्यावर एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने तो थांबवला. चौकशी समितीला ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे दिसले नाही. पण चौकशीत वेगळीच गोष्ट पुढे आली: अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर आई-वडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनची किंवा मुख्याध्यापकांची सही होती. २०१३ मध्ये संसदीय समितीने यावर कडक ताशेरे ओढले.

लस चांगली होती आणि ती आजही द्यावी असाच माझा सल्ला असतो. तरीही संमती डावलल्यामुळे लोकांच्या मनात लसीविषयीच संशय बसला, आणि तो दूर करायला आम्ही डॉक्टर अजून झटतो आहोत. तेव्हा कुणी म्हणाले, "औषधाची चाचणी नाही हो, नुसता पायलट आहे, इथे सही करा," तर थांबा. माहिती आणि संमतीचे नियम पायलटलाही लागू असतात.

सही करण्याआधी काय विचाराल?

सर्वांत आधी विचारा, "मी यात नसतो तर मला कोणता उपचार मिळाला असता?" या प्रश्नाच्या उत्तरातून निम्मे चित्र स्पष्ट होते. नेहमीचा उपचार चांगला असेल आणि अभ्यासात तो बंद करावा लागणार असेल, तर विचार वेगळा करावा लागतो. नेहमीच्या उपचारासोबत फक्त नोंदी ठेवायच्या असतील, तर काळजीचे कारण खूपच कमी.

मग विचारा, "एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का आणि सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय?" एथिक्स कमिटीत डॉक्टरांसोबत कायद्याचे जाणकार आणि सामान्य नागरिकही असतात. सीटीआरआय ही भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, ती इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला क्रमांक टाकून बघायला सांगा. हा प्रश्न विचारल्याने डॉक्टर रागावतील अशी भीती अनेकांना वाटते. नीट काम करणारा डॉक्टर रागावत नाही.

पैशांचेही स्पष्ट विचारा. अभ्यासासाठी म्हणून केलेल्या जास्तीच्या तपासण्यांचा खर्च रुग्णाकडून घेऊ नये, असे आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. नव्या औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई यांची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. हे तुमच्या कागदावर लिहिलेले असायला हवे. किती वेळा यावे लागेल, प्रवासखर्च मिळेल का, सोबत कोण येणार, याचाही हिशेब करा. सुरुवातीला सांगितलेल्या बाबांनी शेवटी सही केली नाही. त्याचे कारण भीती नव्हती. पंधरा दिवसांतून एकदा एसटीने तीन तास जाऊन-येऊन त्यांचे हृदय दमले असते, आणि ते कारण पुरेसे होते.

संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मागा. मराठी प्रत हा तुमचा हक्क आहे. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर असताना ते वाचून दाखवले पाहिजे. प्रत घरी न्या, रात्री सगळे मिळून वाचा, तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना दाखवा. तातडीची वेळ सोडली तर एका रात्रीने काही बिघडत नाही. मूल सात वर्षांहून मोठे असेल तर आई-वडिलांच्या संमतीसोबत त्याचाही होकार घेतात, तेव्हा त्यालाही समजावून सांगा.

अभ्यासात असताना

नाही म्हटले किंवा मध्येच बाहेर पडले तरी तुमचा नेहमीचा उपचार त्याच रुग्णालयात सुरू राहिला पाहिजे. बाहेर पडायला कारण देण्याची सक्ती नाही. मात्र अभ्यासातली गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. बीपीची, फिट्सची आणि स्टिरॉइडची औषधे अचानक थांबवल्याने गंभीर त्रास होऊ शकतो. आधी फोन करा, डॉक्टर सांगतील तशी कमी करा.

त्रास किरकोळ वाटला तरी सांगा. गोळी चुकली, दोनदा घेतली गेली, सोबत आयुर्वेदिक काढा सुरू केला, हेही सांगा. डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून 'सगळं छान आहे' म्हणणारे रुग्ण आम्हाला रोज भेटतात, आणि पायलटमध्ये तेवढ्याने पुढच्या हजारो रुग्णांसाठीची माहिती चुकते.

संमतीपत्राच्या शेवटच्या पानावर मुख्य संशोधकाचा आणि एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. त्या पानाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. दुसऱ्या दवाखान्यात किंवा अपघात विभागात जायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना तो फोटो सर्वांत आधी दाखवा.